ग्रंथ पुण्यात, वाचक सोलापुरात : आंतरग्रंथालयीन देवघेवीचा मार्ग

सोलापूर शहराच्या सामाजिक व आर्थिक जीवनाचा अभ्यास करणाऱ्यास एका ग्रंथाशी कधी ना कधी येऊन थांबावेच लागते. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा ‘शोलापूर सिटी : सोशिओ-इकॉनॉमिक स्टडीज’ हा तो ग्रंथ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कार्यातून तो सिद्ध झाला आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय सोलापूरचा, पण ग्रंथ तयार झाला पुण्यात आणि त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. असा ग्रंथ पुस्तकांच्या दुकानात सहसा मिळत नाही. तो जुन्या, समृद्ध ग्रंथालयातच शोधावा लागतो.

पुणे सोलापूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. बार्शी, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या महाविद्यालयात शिकवीत पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापिकेला एका ग्रंथातील दोन प्रकरणांसाठी रजा, प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय अशा तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. त्या न जुळल्यास संदर्भ राहून जातो आणि प्रबंध तेवढाच दुबळा होतो. ही अडचण दूर करण्यासाठी ग्रंथालयशास्त्राने एक व्यवस्था घडविली आहे. तिचे नाव आंतरग्रंथालयीन देवघेव. वाचकाने ग्रंथाकडे जाण्याऐवजी ग्रंथाने वाचकाकडे यावे, हे तिचे साधे तत्त्व होय.

नव्या विद्यापीठाची गरज

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या या विद्यापीठास २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. दोन दशकांत इमारती उभ्या राहू शकतात, नवे ग्रंथ खरेदी करता येतात. परंतु शंभर वर्षांपूर्वीची नियतकालिके आणि अप्राप्य ग्रंथ केवळ निधी मंजूर करून मिळत नाहीत. म्हणूनच तरुण विद्यापीठाला जुन्या ग्रंथालयांशी जोडून घेणे भाग असते.

अर्थात, ही गरज केवळ लहान ग्रंथालयांची नाही. जगातील कोणतेही ग्रंथालय स्वयंपूर्ण नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ग्रंथालयाने १८९४ मध्येच अशी देवघेव सुरू केली होती. भारतात १९८८ मध्ये नवी दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमधून ‘डेलनेट’ या ग्रंथालय-जाळ्याचे काम सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ हा कार्यक्रम हाती घेतला. १९९६ मध्ये त्यास स्वतंत्र केंद्राचा दर्जा मिळाला. सभासद ग्रंथालयांनी परस्परांस ग्रंथ द्यावेत, ही ‘डेलनेट’ची मुख्य सेवा आहे; तर देशातील विद्यापीठांमध्ये कोणता ग्रंथ कोठे आहे, हे ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘इंडकॅट’ या संयुक्त तालिकेवरून शोधता येते.

मागणी करण्यापूर्वी

मागणीचा अर्ज भरण्यापूर्वी वाचकाने काही गोष्टी तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रथम आपल्याच ग्रंथालयाची संगणकीय तालिका नीट पाहावी. लेखकाचे नाव, ग्रंथनाम आणि विषय अशा तिन्ही अंगांनी शोध घ्यावा. जुन्या इंग्रजी ग्रंथांत शहराचे नाव ‘शोलापूर’ असे येते, हे विसरू नये. केवळ या एका अक्षरामुळे हाताशी असलेला ग्रंथही ‘नाही’ असा वाटू शकतो.

त्यानंतर तो मजकूर संगणकावर उपलब्ध आहे काय, ते पाहावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्यावरील १८८४ चा खंड आता घरबसल्या वाचता येतो. भारतीय विद्यापीठांतील अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात विनामूल्य खुले आहेत. संशोधनपर नियतकालिकांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. केंद्र व राज्य शासनांच्या अखत्यारीतील उच्च शिक्षण संस्थांना तिच्याद्वारे सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली होतात. जे असे सहज मिळते, त्यासाठी दुसऱ्या ग्रंथालयास कष्ट देणे योग्य नव्हे.

मागणीचा प्रवास

या व्यवस्थेत वाचक दुसऱ्या ग्रंथालयाकडे थेट मागणी करीत नाही. तो आपल्या ग्रंथालयाकडे अर्ज देतो. महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटावे. आपले ग्रंथालय कोणत्या जाळ्याचे सभासद आहे, खर्च कोणी सोसायचा आणि एका वेळी किती मागण्या करता येतात, हे तेथेच विचारून घ्यावे.

अर्जात लेखक, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनस्थळ व वर्ष द्यावे. लेख हवा असल्यास नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, वर्ष व पृष्ठांक आवश्यक असतात. ‘सोलापूरच्या गिरण्यांविषयी काही तरी’ अशा मागणीवर कोणतेही ग्रंथालय काही करू शकत नाही. हा संदर्भ आपणास कोणत्या ग्रंथाच्या तळटीपेत सापडला, तेही लिहावे. मूळ नोंदीत चूक असल्यास ग्रंथपाल ती त्यावरून दुरुस्त करू शकतात.

यानंतर ग्रंथपाल तो ग्रंथ असलेल्या ग्रंथालयास विनंती पाठवितात. ग्रंथ द्यायचा की नाही आणि किती दिवसांसाठी, हा निर्णय सर्वस्वी देणाऱ्या ग्रंथालयाचा असतो. दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखिते, कोशासारखे संदर्भग्रंथ आणि नियतकालिकांचे बांधीव खंड सहसा बाहेर दिले जात नाहीत. अशा वेळी हव्या त्या लेखाची किंवा प्रकरणाची प्रत मागविता येते. भारतीय कॉपीराइट कायद्यात खासगी अभ्यास व संशोधनासाठी वाजवी वापराची मुभा आहे. मात्र संपूर्ण ग्रंथाची प्रत काढून मागणे त्या मुभेत बसेल असे समजू नये.

ग्रंथ टपालाने येतो, तेव्हा त्याचा खर्चही असतो. पुस्तकांसाठी डाक विभागाने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. सुरुवातीच्या दरानुसार ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा खर्च येतो. पुण्यास जाऊन येण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे; परंतु वेळ लागतो. प्रबंध सादर करण्याच्या महिन्यात केलेली मागणी बहुधा व्यर्थ ठरते. संदर्भांची यादी तयार होत असतानाच मागणी नोंदविणे शहाणपणाचे.

ग्रंथपालांचा शब्द

आलेला ग्रंथ वाचकाच्या नावावर नव्हे, तर त्याच्या ग्रंथालयाच्या विश्वासावर आलेला असतो. ‘केवळ ग्रंथालयात बसून वाचावा’ अशी अट असल्यास ती पाळावी. मुदत वाढवून हवी असल्यास ती संपण्यापूर्वी सांगावे, कारण परवानगी दुसऱ्या गावाहून यावयाची असते. ग्रंथ हरविल्यास वा फाटल्यास भरपाई द्यावी लागते. मात्र अप्राप्य ग्रंथाची भरपाई पैशाने होत नाही. एका वाचकाने केलेल्या दिरंगाईचा फटका त्यास बसेलच असे नाही. तो पुढल्या वर्षी त्याच दारी जाणाऱ्या विद्यार्थ्यास बसतो.

सोलापूरचेही देणे

या व्यवहारात सोलापूर नेहमी घेणाऱ्याच्याच भूमिकेत असते, असा समज होण्याचे कारण नाही. येथील जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राचीन प्राकृत ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. कृष्णकांत हांडिकी यांचा यशस्तिलकावरील इंग्रजी ग्रंथही १९४९ मध्ये याच मालेतून बाहेर पडला. जैन विद्येच्या अभ्यासकांना सोलापुरात छापलेल्या अशा ग्रंथांची आजही गरज भासते. आपल्याकडील जुन्या संग्रहांची नोंद संयुक्त तालिकांत पोहोचली, तरच ते ग्रंथ दूरच्या अभ्यासकास सापडतील. कपाटात असलेला पण तालिकेत नसलेला ग्रंथ बाहेरच्या वाचकासाठी नसल्यासारखाच असतो.

गाडगीळांचा ग्रंथ पुण्याहून सोलापुरास यावा आणि सोलापूरचा ग्रंथ अन्य प्रांतातील अभ्यासकापर्यंत जावा, यातच या देवघेवीचे सार्थक आहे. वाचकाच्या बाजूने त्यासाठी एक अचूक भरलेला अर्ज आणि वेळेवर परत केलेला ग्रंथ एवढेच पुरते.