तीनशे क्रमांकाची वहिवाट

भट्टीतील तापमान किंवा लोखंडी पट्टीवर पडलेला ताण संवेदकातून व वर्धकातून विद्युत्‌दाबाच्या रूपाने बाहेर पडतो आणि अखंड कमीजास्त होत राहतो. संगणकाला तर सुटे सुटे अंकच लागतात. म्हणून त्या दाबाचे क्षणोक्षणी अंकांत रूपांतर करून ते संगणकाच्या हवाली करणारे डेटा ॲक्विझिशन कार्ड जेव्हा आले, तेव्हा कागदाच्या पट्टीवर लेखणी फिरविणाऱ्या आलेखक यंत्रांचे प्रयोगशाळेतील महत्त्व हळूहळू ओसरले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टाँटन येथील मेट्राबाइट कंपनीचे ‘डॅस-८’ हे त्या पिढीतील एक नामांकित कार्ड. आठ वाहिन्या, उणे पाच ते अधिक पाच व्होल्टांचा पल्ला आणि १२ बिटांची सूक्ष्मता, म्हणजे दहा व्होल्टांचे ४,०९६ भाग व एकेक भाग सुमारे २.४४ मिलिव्होल्टचा, अशी त्याची सामग्री होती.

डॉससारख्या जुन्या प्रणालीवर हे कार्ड बसवायचे, तर संगणक आपण होऊन त्याला ओळखील ही अपेक्षाच सोडावी लागे. आय.एस.ए. बसवरील प्रत्येक उपकरणाला पोर्टचे पत्ते नेमून दिलेले असत, आणि त्यांची वाटणी एखाद्या गावच्या जमिनीच्या दप्तरासारखी होती: षोडशमान पद्धतीने ३एफ८ वर पहिल्या सिरियल पोर्टची मालकी, ३७८ वर प्रिंटरची, ३२० वर जुन्या एक्स.टी.च्या हार्ड डिस्कची. आणि ३०० ते ३१एफ हा टापू आय.बी.एम.ने प्रायोगिक कार्डांसाठी राखून ठेवलेला. साहजिकच कारखान्यातून येताना डॅस-८ चा पत्ता ३०० असे, आणि नॉव्हेलच्या एन.ई.-२००० या नेटवर्क कार्डाचाही तोच. दोन्ही एकाच पेटीत आली की हद्दीचा तंटा उभा राही, आणि तो मिटविणारा अंमलदार डॉसमध्ये कोणीच नसल्यामुळे निवाडा बसविणाऱ्यालाच करावा लागे.

तो निवाडा कार्डावरच्या सात इवल्या डिप स्विचांवर, बहुधा पेन्सिलीच्या टोकाने, लिहिला जाई. ए-९ ते ए-३ या सात पत्तारेषांपैकी जिचा स्विच ‘ऑन’, तिचे मूल्य शून्य, आणि ‘ऑफ’ म्हणजे एक, हा उलटा वाटणारा नियम ध्यानात ठेवून ए-९ व ए-८ ऑफ करावेत आणि उरलेले पाचही ऑन ठेवावेत, म्हणजे पत्ता ३०० होतो. नेटवर्क कार्डाशी गाठ पडत असेल तर ए-६ ही ऑफ करून ३४० घ्यावा. मग वीज बंद करून, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत् घालवून, सोनेरी दातांना बोट न लावता कार्ड स्लॉटमध्ये दोन्ही टोकांवर सारखा भार देत दाबावे. पुढची परीक्षा बेसिकच्या ‘आउट’ आणि ‘इन्प’ या दोन आज्ञांनीच होते: वाहिनी निवडावी, मोजणी सुरू करावी, ती संपल्याची खूण पाहावी आणि दोन बाइट वाचून जोडावेत. वाहिनी भूमीशी जोडली असता २०४८ च्या आसपास अंक आला, आणि दीड व्होल्टचा सेल लावताच तो २६६२ च्या आगेमागे गेला, की कार्ड रुजू झाले असे खुशाल समजावे. बसविणाऱ्याला आपल्या हातून झालेल्या कामाची इतकी निखळ साक्ष नंतरच्या कोणत्याही प्रणालीत मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

विंडोज ९८ मध्ये नव्या सामग्रीचा आपोआप होणारा शोध नाकारून, डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो पत्ता हाताने राखून ठेवावा लागे. इंटरप्टचा उपयोग करायचा असेल तर बायॉसमध्येही तो जुन्या आय.एस.ए.च्या नावे करून ठेवणे हिताचे. पोर्टशी थेट व्यवहार तेथे अजून चालत असे. परंतु १९९३ साली आलेल्या विंडोज एन.टी.ने सामान्य प्रोग्रामला पोर्टला हात लावण्याचीच मनाई केली आणि मधे ड्रायव्हर आवश्यक ठरविला. ही मनाई अन्यायाची नव्हती. एका चुकार प्रोग्रामने सारी यंत्रणा कोलमडू नये हा तिचा रास्त हेतू होता. तथापि ज्या कार्डाच्या निर्मात्याने तो ड्रायव्हर कधी लिहिलाच नाही, ते सुस्थितीत असूनही एका रात्रीत निरुपयोगी ठरले. पुढे २००० च्या सुमारास मदरबोर्डावरून आय.एस.ए.चे स्लॉटच नाहीसे होऊ लागले.

परीक्षणयंत्राची चौकट संगणकापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते, आणि म्हणूनच तिच्या शेजारी एखादा जुना डॉसचा संगणक आजही राबताना दिसतो. असा संगणक ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना एवढीच विनंती, की स्विचांची व जंपरांची सद्यःस्थिती कागदावर उतरवून तो कागद पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवावा, आणि कार्डाची पुस्तिका रद्दीत जाऊ देऊ नये.