दिवाळी ते दिवाळी म्हणजे वर्ष नव्हे! मुलं किती भराभर वाढतात, हे मोजायचं कसं?



आज संशोधन पद्धतीवरच बोलायचं आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या दारापासून करते.

माझी लेक आठवडाभर आई-बाबांकडे असते. मी पीएचडीसाठी दुसऱ्या शहरात, शनिवार-रविवार घरी. बाबांनी आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा केल्या आहेत. पेन्सिलने आडवी रेघ आणि शेजारी ‘दिवाळी’ किंवा ‘पाडवा’. 2024 च्या दिवाळीत आईने त्या रेघांकडे बोट दाखवून म्हटलं, “अगं, मागच्या दिवाळीपर्यंत बघ कशी भराभर वाढली होती. यंदा वाढच मंदावली पोरीची. तू तिकडे, मग असंच व्हायचं.”

शेवटचं वाक्य सहज बोललेलं होतं, पण लागलं. मी टेप काढला. 2022 ते 2023 च्या दिवाळीत 7.4 सेंमी आणि 2023 ते 2024 च्या दिवाळीत 6.5 सेंमी. म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर कमी. आई खरंच बोलत होती का?

“मुलं कधी मोठी होतात कळतच नाही” हे वाक्य आपण प्रत्येक घरात ऐकतो. ते संशोधनाचा प्रश्न म्हणून घेतलं की काय काय अडतं, ते या चौकटीवरच बघू.

1. भागाकार कशाने करताय?

2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला आणि 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, म्हणून दिवाळी पुढे गेली. दिवस मोजा. पहिलं ‘वर्ष’ 384 दिवसांचं आणि दुसरं 355 दिवसांचं. तब्बल 29 दिवसांचा फरक!

आता 365 दिवसांच्या हिशोबाने गणित मांडू. 7.4 ला 384 ने भागून 365 ने गुणलं की 7.0 येतात. 6.5 ला 355 ने भागून 365 ने गुणलं की 6.7 येतात. जवळपास एक सेंटिमीटरचा फरक 0.3 वर आला. म्हणजे आईला दिसलेल्या ‘मंदावण्या’चा मोठा भाग पंचांगाचा होता, पोरीचा नव्हता.

वाढीचा वेग म्हणजे दोन मापांमधला फरक भागिले मधला काळ. आपण सगळं लक्ष वरच्या आकड्यावर देतो आणि खालचा गृहीत धरतो. फील्डवर गेलात की हे वारंवार दिसेल. ‘सहा महिन्यांनी पुन्हा भेट’ असं प्रस्तावात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात कुणाची भेट पाचव्या महिन्यात होते, कुणाची आठव्या. वेग काढताना प्रत्येक मुलाची खरी तारीख वापरायची, वेळापत्रकातली नाही.

2. पेन्सिलची जाडी

उरलेल्या 0.3 सेंमीचं काय? त्यावर विश्वास ठेवायचा का?

बाबा डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारतात. पट्टी थोडी तिरकी झाली, केसांची वेणी आली, पोरीने टाच उचलली, की अर्धा सेंटिमीटर सहज इकडेतिकडे. शिवाय आपली उंची दिवसभरात कमी होते. मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. एका दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर सकाळी मोजलं आणि दुसऱ्या दिवाळीत फटाके उडवून आल्यावर, तर ती दोन मापं सारखी नाहीत.

लहान बाळांबाबत आणखी एक खुबी आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी झोपवून मोजतात, त्यानंतर उभं करून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत या दोन पद्धतींमध्ये 0.7 सेंमीचा फरक धरलेला आहे. हे माहीत नसेल, तर दुसऱ्या वाढदिवसाला प्रत्येक मूल आखडल्यासारखं दिसेल!

आता मुख्य मुद्दा. समजा प्रत्येक मापात अर्ध्या सेंटिमीटरची चूक आहे. वेगासाठी आपण दोन मापं वजा करतो. वजाबाकीत चुका वजा होत नाहीत, एकत्र येतात. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर 0.5 चा वर्ग अधिक 0.5 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 0.7 सेंमी. पाच वर्षांचं मूल तीन महिन्यांत वाढतं दीड सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे दर तीन महिन्यांनी असं घरगुती माप घेतलं, तर जितकी वाढ त्याच्या निम्मी चूक. ‘जास्त वेळा मोजलं की जास्त कळतं’ हे दरवेळी खरं नसतं. आधी मापाची चूक काढा, मग दोन भेटींमधलं अंतर ठरवा.

आमच्या 0.3 सेंमीचा निकाल इथेच लागला. या चौकटीवरून तो फरक खरा की खोटा, हे सांगताच येत नाही.

3. तीच मुलं की वेगवेगळी मुलं?

मग मी मानकं उघडली. मुलींची मधली उंची तीन वर्षांना 95.1 सेंमी, चार वर्षांना 102.7 आणि पाच वर्षांना 109.4. म्हणजे तीन ते चार या वर्षात 7.6 आणि चार ते पाच या वर्षात 6.7 सेंमी. या वयात वेग हळूहळू उतरतोच. मला हायसं वाटलं.

पण थांबा. हे आकडे कुठून आले? जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत सुमारे 8,500 मुलांचा अभ्यास केला. भारतातलं केंद्र दिल्लीत होतं. अभ्यासाचे दोन भाग होते. जन्मापासून 24 महिन्यांपर्यंत तीच मुलं पुन्हा पुन्हा मोजली. 18 ते 71 महिन्यांच्या गटात मात्र वेगवेगळ्या वयांची मुलं, बहुतेक एकेकदाच मोजली. पहिल्याला लाँगिट्यूडिनल म्हणजे पाठपुराव्याचा अभ्यास म्हणतात, दुसऱ्याला क्रॉस-सेक्शनल म्हणजे एका वेळेचा छेद.

म्हणजे मी ज्यावरून दिलासा घेतला, त्यातली तीन वर्षांची मुलगी आणि चार वर्षांची मुलगी बहुधा वेगवेगळ्या होत्या. सरासरी वेगाचा अंदाज यातून ठीक येतो. पण एकेका मुलीचा वेग किती कमी-जास्त असू शकतो, ते यातून कळत नाही.

हा फरक वयात येताना फार महागात पडतो. तीन काल्पनिक मुली घ्या. दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या वर्षातली त्यांची वाढ अशी:

पहिली: 8, 6, 3 सेंमी
दुसरी: 6, 8, 6 सेंमी
तिसरी: 5, 6, 8 सेंमी
सरासरी: 6.3, 6.7, 5.7 सेंमी

प्रत्येक मुलगी एका वर्षात 8 सेंमी वाढली. सरासरीत मात्र 6.7 च्या वर काहीच नाही. तिघींचे ‘उसळीचे’ वर्ष वेगळे, म्हणून सरासरीने तिन्ही शिखरं सपाट केली. ‘पोरगी एका वर्षात केवढी उंच झाली!’ हे प्रत्येक आईने पाहिलेलं असतं. फक्त सरासरी बघणाऱ्या संशोधकाला ते दिसत नाही. इथे आईचं निरीक्षण बरोबर आणि आलेख अपुरा.

म्हणूनच वाढीच्या अभ्यासात एका बापाचं नाव अजून घेतलं जातं. फ्रान्समधल्या फिलिप गेनो द माँबेयार यांनी 1759 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी, थेट 1777 पर्यंत नोंदवली. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ती प्रसिद्ध केली. नमुना एकच, पण तेच मूल अठरा वर्षं. त्यामुळे बाळपणीचा प्रचंड वेग, मग उतार आणि वयात येताना पुन्हा उसळी, असा पूर्ण आकार त्या एका नोंदीत दिसतो.

4. मग सगळेच पाठपुरावा का करत नाहीत?

कारण मुलं आपल्याला भराभर मोठी होताना दिसतात, पण संशोधकासाठी फार सावकाश होतात. पीएचडीची फेलोशिप पाच वर्षांची, मूल मोठं व्हायला अठरा!

आपल्याकडचं ठळक उदाहरण पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवली, मग गरोदरपण, जन्म आणि पुढे त्याच मुलांचा पाठपुरावा. तेव्हाची बाळं आता तिशीकडे आली आहेत. या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण वजन इतकं कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ बाळ ही कल्पना यातून पुढे आली. आणि अशा बाळाचं पुढे काय होतं, याचं उत्तर त्याच मुलाकडे पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय मिळत नाही.

दुसरी अडचण गळतीची. समजा तुम्ही बीड जिल्ह्यातल्या गावात शंभर मुलं निवडली. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुलांसकट निघतात ती थेट उन्हाळ्यात परततात. जानेवारीच्या फेरीत कोण सापडेल? जे मागे राहिले ते. तुमची सरासरी सुधारलेली दिसेल, पण मुलं सुधारलेली नसतील, फक्त यादी बदललेली असेल. किती मुलं गळाली हे तर लिहाच, पण कोणती गळाली हेही लिहा.

5. प्रस्ताव लिहिण्याआधी

स्वतःला चार गोष्टी विचारा. मला पातळी मोजायची आहे की बदल? बदल असेल, तर तीच मुलं पुन्हा भेटणार आहेत का? दोन भेटींतली वाढ मापाच्या चुकीपेक्षा पुरेशी मोठी आहे का? आणि जे भेटणार नाहीत, ते का भेटणार नाहीत? यांची उत्तरं नसतील तर प्रश्न बदला, पण क्रॉस-सेक्शनल माहितीवर ‘वाढ’ हा शब्द लावू नका.

आता चौकटीकडे परत. सगळं गणित आईला समजावलं. ती म्हणाली, “म्हणजे पोरगी नीट आहे ना? मग झालं.” मी ‘हो’ म्हटलं आणि रेघा पुन्हा पाहिल्या. 2024 च्या पाडव्याची रेघ नव्हती. बाबांना विचारलं. “तू येणार होतीस ना त्या वेळी, म्हणून थांबलो. मग राहूनच गेलं.”

त्या महिन्यात मी फील्डवर होते. दुसऱ्यांची मुलं मोजत होते, अगदी ठरल्या तारखांना.

सॉफ्टवेअरमध्ये ती रिकामी जागा भरता येते. अलीकडचं आणि पलीकडचं माप घेऊन मधलं माप काढायचं, दोन मिनिटांचं काम. शोधनिबंधात आपण असं करतो आणि तसं केल्याचं लिहितोही. चौकटीवर मात्र मी ती रेघ मारली नाही. बाबांना एवढंच सांगितलं, की यापुढे माझ्यासाठी थांबू नका आणि सणाच्या नावाशेजारी तारीख लिहा.

तुमच्याही घरात अशी एखादी भिंत असेल, तर येत्या सुट्टीत तिचा वेग काढून बघा. आणि खुणांवर तारखा नसतील, तर त्या कशा शोधाल याचाही विचार करा. उत्तरं जरूर कळवा.