मोठी झाली, म्हणून खेळ थांबला

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक आई नववीतल्या मुलीला घेऊन आली. "मॅडम, हिला सारखा थकवा. शाळेतून आली की आडवी होते. अभ्यासात लक्ष नाही." मुलीच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसत होती. हिमोग्लोबिन तपासले तर ९.२, या वयाच्या मुलीचे ते किमान १२ हवे. "काही खेळतेस का?" असे विचारल्यावर मुलीने आईकडे पाहिले. उत्तर आईनेच दिले, "सातवीपर्यंत कबड्डी खेळायची. आता मोठी झाली ना."

मोठी झाली, म्हणजे पाळी सुरू झाली. हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकते आहे. पाळीत खेळल्याने गर्भाशयाला इजा होते, ही समजूत चुकीची आहे. पोटात दुखत असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी, एवढेच.

५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सलगच हवी असे नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की ती वेळ हिशेबात धरायची. १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८१ टक्के मुले या मापात कमी पडली. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के होते. आपल्याकडच्या मुलींचे आकडे त्या मानाने थोडे बरे दिसतात. त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी दिले आहे: घरकाम! पाण्याच्या कळशा उचलणे हा व्यायाम खराच, पण त्याला खेळ म्हणता येणार नाही. मैत्रिणींबरोबर ओरडत धावण्याने झोप सुधारते, मनावरचा ताण हलका होतो. धुण्याभांड्यांतून ते मिळत नाही.

शिवाय हाडे बळकट होण्याचे बहुतेक काम विशीपर्यंत उरकते. उड्या मारणे, धावणे यांचा ताण पडतो तेव्हा हाड घट्ट होत जाते. साठीतल्या बायकांची मोडलेली मनगटे आणि खुबे आमच्या वॉर्डात येतात, तेव्हा मला हे वय आठवते.

मात्र थकलेल्या मुलीला नुसते 'पळ' म्हणणे बरोबर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. धाप, धडधड, चक्कर असेल तर आधी रक्त तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी बऱ्याच मुली दप्तरातच ठेवतात. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको. रक्तक्षय झालेलाच असेल तर ती पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात.

मुलांच्या आयांनीही सुटकेचा निःश्वास टाकू नये. दहावीच्या वर्षी माझ्या मुलाचे मैदान मीच बंद केले होते, डॉक्टर असून. गुण वाढले नाहीत, चिडचिड मात्र वाढली. गणितासाठी पीटीचा तास घेणाऱ्या शाळांवर तेव्हापासून मी जरा कमी रागावते.

त्या मुलीला रोजच्या गोळ्या सुरू केल्या. पहिला महिना नुसते चालणे, मग दोरीच्या उड्या, आणि त्रास नसेल तर कबड्डी, असे ठरवून दिले. आई काही बोलली नाही. तीन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन ११.४ झाले होते, मुलीचे कोपर खरचटलेले होते आणि तिला शाळेच्या संघासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवे होते. गोळ्या अजून चालू ठेवायच्या, असे मी बजावले. आईने अट मला ऐकवली, मुलीला नव्हे: "दिवे लागायच्या आत घरी आली पाहिजे, सांगा तिला."