स्थानिक रानवाटा आणि मनाची विश्रांती : पुण्याच्या वेताळ टेकडीच्या संदर्भात

रानात पायी फिरून आल्यावर मन शांत होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मात्र ही शांतता नेमकी कशामुळे लाभते, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात पुणे शहरातील वेताळ टेकडीच्या वाटांच्या आधारे या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

शांतता म्हणजे निःशब्दता, असा एक रूढ समज आहे. वेताळ टेकडीवर तो टिकत नाही. तेथे मोरांची केका कानी पडते, पावसाळ्याच्या तोंडी नवरंगाची शीळ ऐकू येते आणि खालून शहराच्या रहदारीची घरघर अखंड येत असते. तरीही खाणीपासून वेताळाच्या देवळाकडे जाणाऱ्या पायवाटेवर अर्ध्या तासात मनावरील ताण सैलावतो. याचे कारण ध्वनीच्या अभावात नसून आपल्या अवधानाच्या स्वरूपात शोधावे लागते.

रेचल व स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली ग्रंथरूपाने मांडलेली उपपत्ती येथे उपयुक्त ठरते. अवधानाचे दोन प्रकार त्यांनी विचारात घेतले आहेत. पहिले हेतुपूर्वक अवधान. उत्तरपत्रिका तपासताना मन एका जागी खिळवून ठेवावे लागते व इतर सारे विचार दूर सारावे लागतात. ही शक्ती थकते आणि माणूस चिडखोर व विसराळू होतो. (परीक्षांच्या हंगामात कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्षकदालनात याचा पुरावा मिळेल.) दुसरे अनायास अवधान. निष्पर्ण गणेरीवर उमललेले पिवळे फूल, वाळक्या पानांत सरड्याची सळसळ यांकडे लक्ष आपोआप वेधले जाते. त्यासाठी मनाला राबावे लागत नाही. तेवढ्या अवधीत थकलेली शक्ती भरून येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३८ व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांनी ९० मिनिटे निसर्गात पायी फेरफटका मारला, त्यांच्यात तेच ते नकारात्मक विचार घोळवण्याची प्रवृत्ती कमी झालेली आढळली. गजबजलेल्या रस्त्याने चाललेल्यांत ती घटली नाही.

जवळच्या वाटेचे मोल येथेच आहे. दूरच्या पर्यटनस्थळी जायचे तर आरक्षण, प्रवास, छायाचित्रे या सर्वांत हेतुपूर्वक अवधानच खर्ची पडते. नित्याच्या वाटेवर पावलांना वळणे ठाऊक असतात, त्यामुळे डोळे मोकळे राहतात. अर्थात एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. तिन्हीसांजेला एकटी चालणारी स्त्री सतत मागे वळून पाहत असेल, तर तिला रानवाट विश्रांती देऊ शकत नाही. भीती हीदेखील अवधानाची मागणी करते.

बालभारती ते पौड फाटा या टेकडीवरील नियोजित रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला होता. त्या वादातील चर्चा मुख्यतः भूजल, वृक्षतोड आणि वाहतूककोंडी यांभोवती फिरली आणि ते स्वाभाविकही होते. तथापि वरील विवेचनानुसार आणखी एक हानी संभवते. पायवाटेलगत वाहने धावू लागली की झाडे शिल्लक राहिली तरी चालणाऱ्याला वाहनांवर लक्ष ठेवूनच पाऊल टाकावे लागेल, आणि जे थकलेले अवधान विसावण्यासाठी तो टेकडी चढून आला, तेच तेथे पुन्हा कामाला जुंपले जाईल.