कोबा घासायचा तर पाणी टाकूनच

पावसाळा सरला की वस्तीत घरदुरुस्तीची कामे निघतात. टाइल्सचा खर्च झेपत नाही, म्हणून आहे तोच कोबा मशीनने घासून चकचकीत करून घेणारी घरे हल्ली बरीच दिसतात. आमचा त्याला विरोध नाही. गुळगुळीत, न उखडणारी जमीन रांगत्या लेकराला आणि खाली बसून जेवणाऱ्या कुटुंबाला चांगलीच. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० साली सरकारने गरिबांच्या मातीच्या जमिनींवर काँक्रीट घालून दिले, तेव्हा तिथल्या मुलांमधले जंत, जुलाब आणि ॲनिमिया बराच कमी झाल्याचे पुढे अभ्यासात दिसले.

आमचे म्हणणे एवढेच, की घासणी कोरडी करू देऊ नका.

कोब्यात वाळू आणि खडी असते, त्यात सिलिका असते. घासताना जी धूळ डोळ्यांना दिसते ती बरीचशी नाकाघशात अडकते. जी दिसत नाही ती थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे कायमचे व्रण करते. हा सिलिकोसिस. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दार लावून मशीन चालवले तर सगळ्यात जास्त मार मशीन धरणाऱ्याला, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला पोरगा असतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो, तोही नाकाला घट्ट बसलेला. मास्क आहे म्हणून कोरडे घासले, असेही चालत नाही.

धाप, खोकला, वजन उतरणे ही लक्षणे टीबीसारखीच. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. म्हणून घासाईचे, दगड फोडण्याचे किंवा कटाईचे काम करणाऱ्याने दवाखान्यात गेल्यावर आपला धंदा आणि किती वर्षे केला ते आधी सांगावे. डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नये.

आता कामाकडे. नवा कोबा घालणार असाल तर मुरूम नीट धुम्मस करून त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, नाहीतर खालची ओल वर येत राहते. मोरीकडे उतार ठेवा. कोबा आवळल्यावर निदान सात दिवस, उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारा. इथे घाई केली की वरचा थर कच्चा राहतो आणि झाडू मारला तरी पीठ निघते. ओल्या सिमेंटमध्ये उघड्या पायाने, गुडघे टेकून काम करू नका. सुरुवातीला दुखत नाही, संध्याकाळी कातडी सोललेली दिसते. सिमेंट लागले तर कपडा काढून वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. हळद, तेल, टूथपेस्ट काही लावू नका.

मशीनची घासणी सात दिवसांनंतरच. आधी भेगा आणि खड्डे भरून घ्या, मग जाड दाण्याच्या दगडापासून बारीककडे या. मशीन पाण्यावर चालणारेच हवे, अर्थिंग आणि ईएलसीबी तपासून. हातातल्या साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका, त्याने जीव गेलेले आहेत. लहान खोलीला कार्बोरंडमचा दगड घेऊन पाणी टाकत हाताने घासलेलेही पुरते. आपले जुने गवंडी तसेच करत. निघणारा राडा ओला असतानाच गोणीत भरा. वाळला की तीच धूळ पुन्हा उडते, आणि मोरीत सोडला तर पाइपात घट्ट होऊन बसतो.

सीलर लावण्याआधी एक परीक्षा करा. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आत दव किंवा काळसर डाग दिसला तर जमीन अजून ओली आहे, थांबा. वर चढवायचा सीलर ओलीवर लावला तर पापुद्रे निघतात. आमची पसंती पाण्यातल्या सिलिकेट हार्डनरला: तो कोब्यातल्या चुन्याशी मिळून आतून घट्ट होतो, पापुद्रा येत नाही. थिनरचा वास येणारा सीलर असेल तर दारे-खिडक्या उघडा, चूल-गॅस बंद ठेवा, गरोदर बाई, लेकरे आणि दमेकऱ्यांना शेजारी झोपायला पाठवा. चकाकीचा फार सोस करू नका. ओल्या चकचकीत जमिनीवर म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते.

नंतरची निगा सोपी आहे. झाडून घ्या, साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. बाटलीतले ॲसिड कधीही नको. ते सिमेंटच खाते. लिंबू-व्हिनेगरनेही डाग पडतात. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र झाले तर विषारी क्लोरीन निघतो, बंद मोरीत तो जिवावर बेततो. वर्षातून एकदा जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून बघा. पाणी मुरून जागा काळी पडली तर सीलर संपला, पुन्हा एक हात द्या.

घासाईवर जाणाऱ्यांनी इमारत बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्यावी. वय १८ ते ६०, मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार दाखला द्यायला टाळतो, म्हणून काम चालू असतानाच मागा.