कूलिंग नको असलेला फ्रिज

सकाळी ८
जुलैत फ्रिज दुरुस्तीवाल्याचा फोन चहा ओतायच्या आत वाजतो. रत्नागिरीत मांडवी, राजिवड्याकडून येणाऱ्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या: खाऱ्या वाऱ्याने मागची जाळी गंजली, गॅस गळाला, कूलिंग नाही. आज पहिलं गिऱ्हाईक मात्र उलटं. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक काका टेम्पोत १६५ लिटरचा सिंगल डोअर फ्रिज घालून गाळ्यावर आले. त्यांना त्यात सिगार ठेवायचे आहेत.

"चालू करून द्या, गारव्यात चांगले राहतील."

"काका, चालू केलात तर त्यांचं सुकं गवत होईल."

चालू फ्रिजमध्ये हवेतली वाफ थंड पत्र्यावर धरते, तिचं पाणी होतं आणि मागच्या भोकातून ट्रेमध्ये उतरतं. उघडी ठेवलेली कोथिंबीर त्यानेच सुकते. सिगारला आर्द्रता लागते ६५ ते ७० टक्के. फार खाली गेली की वरचं पान तडकतं, ८० च्या वर राहिली की बुरशी. थंड, कोरड्या देशांत सिगारच्या पेटीत पाणी घालायची धडपड असते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आषाढात भिंतींना ओल. बंद फ्रिजच्या आपल्या पेटीला पाणी अडवायचं काम.

सकाळी ९
आधी आर्द्रतामापकाची परीक्षा. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थोडे थेंब पाणी. मीठ विरघळता कामा नये, नुसतं ओलं व्हायला हवं. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद. ओल्या मिठाशेजारची कोंडलेली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. काटा संध्याकाळी बघायचा.

सकाळी १०
गॅस आधीच उडालेला, म्हणून कॉम्प्रेसर आणि जाळी काढून टाकली. आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा पुसलं, कारण तंबाखू शेजारचा वास उचलतो. ऊन नाही, तेव्हा ६० वॅटचा बल्ब आत लावून दार किलकिलं ठेवलं. पावसाळ्यात कोकणात कपड्यांच्या कपाटाला हाच इलाज करतात.

दुपारी १२
बल्ब काढला. आता खरी मेहनत दारावर. दहाची नोट दारात धरून ओढायची. अडकली तर रबर घट्ट, सहज निसटली तर तिथून दमट हवा शिरणार. खालच्या कोपऱ्यात नोट निसटली. हेअर ड्रायरने गॅस्केट गरम करून ताणलं, दार लावून थंड होऊ दिलं. मग नोट अडकली. पाणी जायचं भोक रबरी बुचाने बंद.

दुपारी १
काका डबा घेऊन परत हजर. त्यांच्या मते रत्नागिरीला सिगार परका नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली इथे नजरकैदेत आला, १९१६ साली इथेच वारला. आणि किपलिंगच्या 'मँडले' कवितेतली चिरूट ओढणारी मुलगी त्याच्याच राणीच्या, सुपयालतच्या नावाची. एवढं ऐकवून त्यांनी मला सोलकढी दिली.

दुपारी ३
सुताराकडून तूण लाकडाच्या फळ्या आल्या. सिगारपेट्यांना नावाजलेलं स्पॅनिश सीडर आणि आपला तूण कडुलिंबाच्याच कुळातले. पॉलिश नाही, फक्त रंधा. फळ्यांमध्ये बोटभर फट, हवा फिरायला.

सिगार सध्या काकूंच्या फ्रीझरमध्ये आहेत. हवा २५ अंशांच्या आसपास गेली की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटतात. हळदीत, तिखटात होतो तोच हा किडा. आपलं खोकं गार नाही, म्हणून आधी तीन दिवस उणे १८ अंश, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. मासेमारी बंदीआधी भरलेल्या कोलंबीशेजारी हे पुडकं बघून काकूंनी फोन केला होता. एकात एक दोन पिशव्या घालायच्या, यावर तह झाला.

संध्याकाळी ५
मापक ७२ दाखवतोय. म्हणजे तीन कमी. पुढे प्रत्येक आकड्यात तीन मिळवायचे. ते झाकणावर मार्करने लिहिलं. आत ६५ टक्क्यांची मिठाच्या द्रावणाची पाकिटं ठेवली: जादा पाणी पितात, कमी पडलं तर सोडतात. काकांना हिशेब सांगितला. २७ अंशांची, ९० टक्के दमट हवा पूर्ण खोकंभर शिरली तर साधारण एक ग्रॅम पाणी जास्तीचं येतं. एकदा चालेल; पाहुण्यांना दाखवायला दहादा दार उघडलं तर पाकिटं फुगून बसतील. सिगार उद्याही आत जायचे नाहीत. काटा आधी स्थिर होऊ दे.

संध्याकाळी ७
शेजारच्या कोकणमेव्याच्या दुकानातल्या काकू कधीच्या बघत होत्या.

"आमच्या फणसपोळीला असं एक कराल?"

करीन. त्यात ही पाकिटं नकोत, सिलिका जेल लागेल. केशरी दाणे हिरवे पडले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचे, आणि तो तवा पुन्हा भाकरीला घ्यायचा नाही.

"फ्रिज भंगारात केवढ्याला पडेल?"

"कॉम्प्रेसर काढलेला बघा, स्वस्त मिळेल. फक्त पैसे द्यायच्या आधी दारात नोट धरून ओढा."