देवी गेली, भीतीही जावी

माता-भगिनींनो, हिंदू धर्मात कामे वाटलेली आहेत. ब्रह्मा निर्माता, विष्णू पालनकर्ता, महेश संहारक. विद्या सरस्वतीकडे, धन लक्ष्मीकडे. रोगराईही सुटली नाही. पटकी मरीआईची, तर अंगावरचे फोड शीतलादेवीचे. त्या रोगाचे नावच ‘देवी’ पडले! लेकरू फणफणले की कोंबडे कबूल होई.

ही देवी १९७५ साली भारतातून आणि १९८० पर्यंत जगातून गेली. ती नवसाने नव्हे, लसीने.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. तरीही मूल आजारी पडले की काही घरांत जुने टाक पेटीतून बाहेर निघतात. भगिनींनो, त्या पेटीत बाळाच्या लसींचे कार्ड ठेवा.

जय भीम!